सेन्सर बदलण्याआधी आकडा विचारा

गाडीचं ॲव्हरेज पडलंय. सिग्नलला उभी असताना इंजिनाचा आवाज वर-खाली होतोय, चढावर पिकअप मिळत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलाय. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की एक वाक्य बऱ्याचदा कानावर पडतं, "साहेब, मॅप सेन्सर गेलाय. बदलून टाकू." आपण मान डोलावतो. नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो, पैसे दिले जातात. आठवड्याभरात दिवा पुन्हा लागतो. मग थ्रॉटल बॉडीचं नाव निघतं, मग इंजेक्टरचं, आणि शेवटी "कॉम्प्युटरच बदलावा लागेल बहुतेक" इथपर्यंत गोष्ट जाते.

गाडी बाळगणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माझी विनंती साधी आहे. हा सेन्सर बदलायला होकार देण्याआधी तो कोणता आकडा दाखवतोय ते विचारा. इंजिन बंद असताना किती आणि चालू असताना किती, एवढंच. ते आकडे समजायला मेकॅनिक असण्याची गरज नाही. शाळेत हवेचा दाब शिकलेल्या कुणालाही ते कळतील. सेन्सर कधीच खराब होत नाही असं मी म्हणत नाही; होतो. पण तो खराब आहे हे ठरवण्याची पद्धत इतकी सोपी आहे की अंदाजाने पैसे घालवायचं काही कारण उरत नाही.

आधी तो कुठे असतो ते पाहू. बोनेट उघडलं की एअर फिल्टरच्या डब्यातून निघणारा जाड पाइप दिसतो. तो थ्रॉटल बॉडीला जोडलेला असतो. थ्रॉटल बॉडीत पत्र्याची एक गोल झडप असते; ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. तिच्या पलीकडे इनटेक मॅनिफोल्ड, हल्ली बहुतेक गाड्यांत काळ्या प्लास्टिकचा, आणि त्यातून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी एकेक नळी. या मॅनिफोल्डवर दीड-दोन इंचांचा एक काळा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो आणि त्याला तीन किंवा चार तारांचं कपलर लावलेलं असतं. तोच मॅप सेन्सर. तीन तारा असतील तर तो फक्त दाब मोजतो, चार असतील तर बहुधा आत येणाऱ्या हवेचं तापमानही. काही जुन्या गाड्यांत तो बाजूच्या पत्र्यावर असतो आणि मॅनिफोल्डपासून एक बारीक रबरी नळी त्याच्यापर्यंत आणलेली असते. ही बारीक नळी लक्षात ठेवा. काही गाड्यांत याच्याऐवजी हवेचा प्रवाह मोजणारा वेगळा सेन्सर एअर फिल्टरजवळच्या पाइपात असतो आणि काहींत दोन्ही असतात. तुमच्या गाडीत काय आहे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलवरून किंवा पार्टच्या दुकानात नीट कळतं. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र मॅप सेन्सर सर्रास सापडतो.

आता दाबाचं. इंजेक्शनच्या सिरिंजचं तोंड बोटाने दाबून धरा आणि दट्ट्या ओढा. दट्ट्या मागे येतो, पण जोर लागतो, कारण आत हवा विरळ झालेली असते. पेट्रोल इंजिनात दिवसभर हेच चालू असतं. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते. ओढ जास्त आणि वाट अरुंद. त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच खाली जातो. मेकॅनिक याला व्हॅक्यूम म्हणतात. तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप सताड उघडते आणि आतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ येतो.

आकड्यांत सांगायचं तर समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. चांगल्या स्थितीतलं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन गरम होऊन शांत चालू असेल, एसी बंद असेल, तर मॅनिफोल्डमध्ये साधारण ३० ते ४० किलोपास्कल दाब दिसतो. एसी लावला की तो थोडा चढतो, कारण इंजिनावर भार आला आणि झडप किंचित उघडली. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की तो २०-२५ पर्यंतही उतरू शकतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की नव्वदच्या पुढे. गाडीला जोडून हे आकडे वाचणारे काही स्कॅनर हाच दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये किंवा मिलीबारमध्ये दाखवतात. घाबरू नका, १०० किलोपास्कल म्हणजे १,००० मिलीबार म्हणजे सुमारे ७५० मिलिमीटर पारा.

हा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, कशाला हवा? कारण पेट्रोल किती सोडायचं हे हवा किती आली यावर ठरतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी, साडेतेरा किलोच्या आसपास. हवा तर तराजूत तोलता येत नाही. पण सिलिंडरचं आकारमान माहीत आहे, दाब माहीत आहे, तापमान माहीत आहे, तर आत किती वजनाची हवा मावली हे गणिताने काढता येतं. बाराशे सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचा वाटा ३०० सीसी. दाब १०० किलोपास्कल आणि तापमान २५ अंश असेल तर ३०० सीसीत सुमारे ०.३५ ग्रॅम हवा बसते आणि तिला साधारण २४ मिलिग्रॅम पेट्रोल पुरतं. दाब ३५ वर आला की हवा ०.१२ ग्रॅम आणि पेट्रोल जेमतेम ८ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात सिलिंडर दर वेळी पूर्ण भरत नाही, त्याचे तक्ते ईसीएमच्या स्मरणात असतात, तेही हिशेबात धरले जातात. ८०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा हवा घेतो. दर वेळी किती मिलिग्रॅम, हा निर्णय ज्या आकड्यावर उभा आहे तो आकडा हा सेन्सर देतो. ७०ला ३५ किंवा ३५ला ७० झालं तर काय होईल ते तुम्हीच ताडा. पहिल्यात इंजिन उपाशी राहील, दुसऱ्यात पेट्रोलमध्ये बुडेल.

म्हणूनच या सेन्सरच्या दोषाची लक्षणं दोन टोकांची असतात. आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर पेट्रोल जास्त सुटतं. ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरमधून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो, प्लग काळे पडतात, पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड वाढलेला दिसतो. हे दिवसेंदिवस चालू राहिलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापतो आणि आतून वितळू लागतो. त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट असते. आकडा खऱ्यापेक्षा कमी असेल तर गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, पाय देताच झटके मारते, मिसिंग करते.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर यावर नजर ठेवून असतो. जास्त पेट्रोल जातंय असं दिसलं की तो ईसीएमला कळवतो आणि ईसीएम पेट्रोल कमी करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. शून्याच्या अलीकडे-पलीकडे चार-पाच टक्के असेल तर काळजी नको. सतत १० टक्क्यांच्या पुढे किंवा उणे १०च्या खाली असेल तर कुठेतरी हिशेब चुकतोय आणि ईसीएम तो निस्तरतोय. दिवा लागायच्या आधीच हे दिसू शकतं. तेव्हा दाबाच्या आकड्यांसोबत हाही आकडा विचारून घ्यायला हरकत नाही.

या साऱ्याची सुरुवात आजची नाही. जर्मनीतल्या बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत बाजारात आणली. तीत मॅनिफोल्डमधला दाब मोजूनच पेट्रोल ठरवलं जाई आणि ती पहिल्यांदा बसली फोक्सवॅगन १६०० या गाडीत. तेव्हाच्या सेन्सरमध्ये दाबाने आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या धातूच्या पोकळ डब्या होत्या. आपल्याकडे त्या काळात आणि त्यानंतर कितीतरी वर्षं कार्बोरेटरच होता. प्रीमियर पद्मिनीच्या मेकॅनिकने कान लावून आवाज ऐकायचा आणि स्क्रू पाव फेरी फिरवायचा, यात कसब होतं आणि त्या कसबाला मी कमी लेखत नाही. पण घाट चढताना तो स्क्रू आपोआप फिरत नसे. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र खालच्या हिशेबाने, म्हणून गाडी वर गेल्यावर जड व्हायची आणि काळा धूर सोडायची.

मॅप सेन्सरला हे कळतं, कारण तो दाब शून्यापासून मोजतो, बाहेरच्या हवेच्या तुलनेत नव्हे. त्याच्या आत सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला कायमची बंद केलेली निर्वात पोकळी, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डची हवा. हवेच्या दाबाने पडदा किंचित वाकतो आणि त्याच्यावर कोरलेल्या रोधांचा विद्युतरोध बदलतो. ताण पडल्यावर सिलिकॉनचा रोध इतका ठळक बदलतो हे चार्ल्स स्मिथ या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं होतं. आजचे बहुतेक प्रेशर सेन्सर त्याच गुणधर्मावर चालतात. चार रोधांचा व्हीटस्टन सेतू, त्यातून निघणारा मिलिव्होल्टचा बारीकसा संकेत, तो मोठा करणारं सर्किट, सगळं एकाच चिपवर. ईसीएम सेन्सरला पाच व्होल्ट देतो आणि सेन्सर बहुधा अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यानचा संकेत परत पाठवतो. आत झिजणारा, फिरणारा असा एकही भाग नाही. म्हणूनच वीज, पाणी किंवा काजळीने मार दिला नसेल तर हा सेन्सर गाडीच्या आयुष्यभर टिकू शकतो. तो "गेलाय" असं ऐकलं की मला आधी शंका येते ती यामुळेच.

आता तपासणी. पहिला आकडा घ्यायचा तो इंजिन सुरू न करता. चावी 'ऑन'वर, म्हणजे डॅशबोर्डचे दिवे लागले पाहिजेत, पण स्टार्टर मारायचा नाही. पिस्टन हलत नाहीत, ओढ नाही, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये साधी बाहेरचीच हवा आहे. अशा वेळी सेन्सरने आपल्या गावच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत तो १००-१०१च्या आसपास. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथे ९५च्या जवळ. नागपुरात ९७-९८. महाबळेश्वरला साधारण ८६. लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी सांगतो, लेहमध्ये ६५-६६ आणि खारदुंगला खिंडीत पन्नाशीच्या थोडा वर. तिथे गाडी मंदावते त्यात सेन्सरचा दोष नाही, हवाच अर्धी आहे. हवामानाप्रमाणे एक-दोन किलोपास्कल इकडेतिकडे होणारच. पण पुण्यात उभ्या गाडीत इंजिन बंद असताना सेन्सर ७० किंवा ११० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याच्या तारा यांच्यात नक्की दोष आहे. काही मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजण्याची सोय असते, तो आकडा शेजारी ठेवून बघा. मात्र हवामानाच्या ॲपमधला दाब घेऊ नका. तो समुद्रसपाटीच्या हिशेबाने बदलून दिलेला असतो, पुण्यातही हजाराच्या आसपास मिलीबारच दाखवतो, आणि त्यावरून चांगला सेन्सर वाईट ठरेल.

दुसरा आकडा इंजिन गरम झाल्यावर, न्यूट्रलमध्ये, एसी आणि दिवे बंद ठेवून. तो तीस-चाळीसच्या दरम्यान येतो का बघायचं. मग ॲक्सिलरेटर एकदा झटकन दाबून सोडायचा. आकडा तत्काळ वर गेला आणि तत्काळ खाली, क्षणभर आधीपेक्षाही खाली, येऊन मूळ जागी स्थिरावला पाहिजे. उशिराने, आळसावून चढ-उतार करत असेल तर सेन्सरच्या तोंडाशी काजळी साचलेली असते किंवा नळी चोंदलेली असते. ज्यांच्याकडे स्कॅनर नाही ते मल्टिमीटरने तेच बघू शकतात. टर्बो नसलेल्या गाडीत इंजिन बंद असताना संकेताच्या तारेवर साधारण चार व्होल्ट किंवा जास्त आणि इंजिन चालू झाल्यावर एक-दोन व्होल्ट. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे असतात, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, आणि बहुतेक पैसे इथेच वाया जातात. समजा इंजिन बंद असताना आकडा अगदी बरोबर आहे, पुण्यात ९५. आणि इंजिन चालू केल्यावर ५५ येतोय. चाळीसच्या वर आहे म्हणून सेन्सर बाद? नाही. इंजिन बंद असताना जो बरोबर मोजत होता तो चालू झाल्यावर बहुधा बरोबरच मोजतोय. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये खरंच ५५ दाब आहे आणि प्रश्न असा विचारायला हवा की या इंजिनाची ओढ कमी का पडतेय. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटून बाजूने हवा शिरत असेल. ब्रेक बूस्टरला जाणारा पाइप चिरला असेल. तसं असेल तर ब्रेकही जड लागतील, आणि हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. टायमिंगचा बेल्ट किंवा चेन एखाद्या दात्याने सरकली असेल. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून चोंदला असेल आणि धूर बाहेर पडायला वाट नसेल. यातलं काहीही नवा सेन्सर बसवून बरं होत नाही. नवा सेन्सरही इमानाने ५५च दाखवणार. तुम्ही मात्र तो घेऊन घरी येता आणि दोष तसाच वाढत राहतो. सेन्सरवरचा संशय फेडायचा असेल तर मेकॅनिकने हाताच्या व्हॅक्यूम पंपाने सेन्सरला ठरावीक ओढ द्यावी आणि आकडा तितकाच उतरतो का पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे.

बाजूने शिरणाऱ्या हवेबद्दल अजून थोडं सांगतो, कारण यात जुन्या जाणत्या मेकॅनिकचीही गफलत होते. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत अशी चोरटी हवा मोजलीच जात नाही, म्हणून पेट्रोल कमी पडतं. मॅप सेन्सरच्या गाडीत ती मॅनिफोल्डमध्ये आल्यामुळे दाब वाढवते, सेन्सर तो वाढलेला दाब कळवतो आणि ईसीएम त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो. परिणामी इंजिन जोरात फिरू लागतं, ईसीएम ते खाली आणतो, पुन्हा वर जातं. सिग्नलला उभं असताना ऐकू येणारा तो वर-खाली आवाज अनेकदा असा येतो. आणि फुटलेली नळी जर सेन्सरचीच असेल, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती बारीक नळी, तर सेन्सर बाहेरची हवा मोजत बसतो. ईसीएमला वाटतं ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय. उभ्या गाडीतून काळा धूर निघतो. थोड्या रुपयांच्या नळीसाठी सेन्सर, प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर अशी तिहेरी खरेदी होते.

आता कोड. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लावला की या सेन्सरसाठी बहुधा पी०१०५ ते पी०१०८ यांपैकी काही दिसतं. पी०१०६ म्हणजे आकडा पटत नाही, पी०१०७ म्हणजे संकेताचे व्होल्ट फार कमी, पी०१०८ म्हणजे फार जास्त. यातला एकही कोड "सेन्सर बदला" असं म्हणत नाही. पी०१०७ संकेताची तार कुठे बॉडीला टेकली तरी येतो, पाच व्होल्ट पोचत नसले तरी येतो. पी०१०८ अर्थिंगची तार तुटली तरी येतो. कोड पुसायच्या आधी स्कॅनरवरच्या 'फ्रीझ फ्रेम' या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. दोष आला त्या क्षणी आरपीएम, तापमान, दाब किती होता याची नोंद त्यात असते आणि कोड पुसला की तीही जाते. "कोड क्लिअर केला, दिवा गेला" यावर समाधान मानणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं की ताप आल्यावर तुम्ही थर्मामीटर धुऊन ठेवता का.

तारांचा विषय आपल्याकडे वेगळ्याच कारणाने मोठा आहे. उंदीर. पावसाळ्यात आणि थंडीत उभ्या गाडीच्या बोनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरिंग कुरतडतात. पाच व्होल्टची तार बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेन्सरांना मिळून एकच असते. ती एका जागी उघडी पडून बॉडीला टेकली की मॅप, थ्रॉटल, एसीचा प्रेशर सेन्सर असे सगळे एकदम दोषी दिसू लागतात. एकाच दिवशी तीन सेन्सर खराब झाले असं कुणी सांगितलं तर एकही विकत घेऊ नका. आधी वायरिंग बघायला लावा. दुसरं कारण पाणी. सर्व्हिस सेंटरला इंजिन चकचकीत हवं म्हणून जोराच्या फवाऱ्याने धुऊन घेण्याची हौस अनेकांना असते. ते पाणी कपलरमध्ये शिरतं, पिना हिरव्या पडतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी, धुतल्याचं कुणाला आठवतही नसतं तेव्हा, दिवा लागतो. इंजिन ओल्या फडक्याने पुसा. त्याने चालतं.

सेन्सर काढून साफ करता येतो का? येतो, आणि बऱ्याचदा तेवढंच लागतं. इंजिनाच्या आतली तेलकट वाफ मॅनिफोल्डमध्ये परत सोडलेली असते, तिचा चिकट थर सेन्सरच्या तोंडाशी बसतो. इंजिन गार झाल्यावर, चावी काढून, कपलरची लॉक-पट्टी दाबून कपलर सोडवा (तारा ओढू नका), स्क्रू काढा आणि सेन्सर सरळ बाहेर घ्या. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणारा, वाळून जाणारा स्प्रे मारा आणि पूर्ण सुकू द्या. छिद्रात टाचणी, तार, काडी घालू नका. पडदा तिथेच आहे आणि तो केसाहून पातळ असू शकतो. कंप्रेसरच्या हवेने फुंकूही नका. कार्बोरेटर क्लीनर या कामाला फार तिखट आहे. परत बसवताना रबरी रिंग फाटलेली नाही ना हे बघा, नाहीतर तिथूनच हवा शिरेल.

डिझेलवाल्यांनी वरचे तीस-चाळीसचे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत. डिझेल इंजिनात हवा सहसा अशी अडवलेली नसते, त्यामुळे उभ्या इंजिनात दाब बाहेरच्या हवेजवळच असतो आणि टर्बो फिरू लागल्यावर त्याच्या दुपटीपर्यंत किंवा पुढे जातो. तिथे हा सेन्सर टर्बोच्या दाबावर पहारा करतो. पिकअप गेला, काळा धूर आला, पाय दिल्यावर शिट्टीसारखा आवाज आला, तर टर्बो आणि सेन्सर दोघांच्याही आधी इंटरकूलरचे रबरी पाइप आणि त्यांचे क्लॅम्प तपासायला सांगा. पाइपला आतून चीर असेल तर ती उभ्या इंजिनात दिसत नाही, दाब आल्यावरच उघडते. टर्बो बदलण्याचा खर्च ऐकून ज्यांनी गाडीच विकली असे लोक मला माहीत आहेत. टर्बो असलेल्या पेट्रोल गाड्यांत उभ्या इंजिनात दाब कमी आणि जोरात चालताना वातावरणाच्या वर, अशी दोन्ही टोकं दिसतात. व्होल्टचे आकडेही वेगळे.

सीएनजी बाहेरून बसवून घेतलेल्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. सिक्वेन्शियल किटला मॅनिफोल्डचा दाब मोजणारा स्वतःचा वेगळा सेन्सर असतो आणि त्यासाठी मॅनिफोल्डला छिद्र पाडून रबरी नळी काढलेली असते. उष्णतेने ती कडक होते, टोकाला चिरते. पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर गाडी वर-खाली करत असेल तर ही नळी बघा. फक्त गॅसवर झटके असतील तर किटचा सेन्सर, गॅसचा फिल्टर, रिड्यूसर इकडे वळा. गाडीच्या मूळ सेन्सरला हात लावू नका. गॅसच्या जोडण्या मात्र अधिकृत फिटरशिवाय कुणी उघडू नयेत. दुचाकीस्वारांनाही यातलं बरंचसं लागू आहे. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून आपल्याकडच्या बहुतेक दुचाकी इंजेक्शनवर गेल्या आणि त्यातल्या अनेकांत असाच सेन्सर असतो.

सेन्सर खरंच गेला असेल तर काय? घ्यावा, पण पार्ट नंबर जुळवून. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत दिसायला सारखे, कपलरही सारखं, पण दाबाची मर्यादा वेगळी असे सेन्सर असू शकतात. टर्बोच्या गाडीचा सेन्सर साध्या गाडीत बसतो, आणि प्रत्येक आकडा चुकीचा देतो. नवा बसवल्यावर तिथल्या तिथे, इंजिन सुरू करायच्या आधी, चावी ऑन करून आकडा बघा. गावच्या हवेच्या दाबाशी तो जुळला नाही तर पैसे द्यायचे नाहीत. जुना सेन्सर मागून घ्या.

स्वतः स्कॅन करायची हौस असेल तर मोबाइलला ब्लूटूथने जोडणारं डोंगल बाजारात मिळतं. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत ते हे आकडे दाखवतं. जुन्या गाड्यांत दाखवेलच असं नाही. काम झालं की काढून ठेवा, रात्रंदिवस लावून ठेवलं तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. इंजिन चालू ठेवून काही बघायचं असेल तर हँडब्रेक लावा, ओढणी, टायची टोकं, लांब केस बेल्टपासून दूर ठेवा, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते; लुकलुकत असेल तर मिसिंगमुळे कन्व्हर्टर तापतोय असं समजून बाजूला घ्या.

आणि हे सगळं गाडी बिघडल्यावरच करायचं असं नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला, दिवा नसताना, गाडी छान चालत असताना, मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा आणि जॉब कार्डवर चार आकडे लिहून घ्या: इंजिन बंद असतानाचा दाब, गरम इंजिन शांत असतानाचा, एसी लावल्यावरचा आणि फ्युएल ट्रिम. ते कार्ड गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. तुमच्या इंजिनाला निरोगी असताना ३२ लागतो की ३८, हे कुठल्याही मॅन्युअलपेक्षा त्या कार्डावर जास्त खात्रीने लिहिलेलं असेल, आणि दोन वर्षांनी कुणी "सेन्सर गेलाय" म्हणालं की ते त्याच्यापुढे ठेवता येईल.